आत्याचं पुढचं चाक

माझी आत्या सत्तावीस वर्षं खडीच्या खाणीबाहेरच्या वजनकाट्यावर नोकरीला आहे. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, ट्रक काट्यावर चढला की आकडा बघायचा, पावती फाडायची, पुढच्याला हात करायचा. इतक्या वर्षांत तिने एकाही ट्रकला दहा किलोंची सूट दिलेली नाही. ड्रायव्हर लोक तिच्या माघारी तिला ‘काटेबाई’ म्हणतात आणि तोंडावर काहीच म्हणत नाहीत. काट्यामागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. आमच्या घरात कुणाचं कुणाशी बिनसलं की निवाड्याला सगळे तिच्याकडेच जातात. म्हणूनच ही हकीकत सांगितली तर लोकांना खरी वाटत नाही.

बाबा म्हणजे तिचा मोठा भाऊ. निवृत्त झाल्यावर त्यांनी लांबच्या प्रवासाची अवाढव्य मोटरसायकल घेतली. साडेतीनशे किलोंचं धूड. पुढे वाऱ्याची मोठी काच, दोन्ही बाजूंना डिक्या, मागे तिसरी डिकी आणि आमच्या सोफ्यापेक्षा मऊ सीट. दोन महिने ते तिच्यावरून हिंडले आणि तिसऱ्या महिन्यात न्हाणीघरात घसरून घोटा मोडून बसले. गाडी गल्लीत उघड्यावर ठेवायला त्यांचा जीव होईना, म्हणून त्यांच्या मेकॅनिकने ती आत्याच्या शेडमध्ये नेऊन लावली. बाबांनी फोनवरून तीन वेळा बजावलं, की दर रविवारी पंधरा मिनिटं चालव, नाहीतर बॅटरी बसेल. आत्या तरुणपणी खाणीची जुनी मोटरसायकल चालवायची. ती फक्त “बरं” म्हणाली.

पहिले दोन रविवार तिने बंद आवारात चालण्याच्या वेगाने फेऱ्या मारल्या. बाबांचं हेल्मेट तिला ढगळ होत होतं, म्हणून आत मफलर कोंबला होता. तिसऱ्या रविवारी तिला काटा तपासायची लोखंडी वजनं पलीकडच्या टोकाला न्यायची होती. वीस-वीस किलोंची दोन. तिने ती मागच्या डिकीत टाकली आणि निघाली. काट्यावर चढायच्या उतारावर गाडी जरा गुदमरली, म्हणून तिने रेस दिली. जरा जास्तच दिली.

“समोरची काच एकदम आभाळात गेली,” तिने मला नंतर सांगितलं. “मला वाटलं, रस्ता संपला.”

पुढचं चाक काट्याच्या पत्र्यावर धाडकन आपटलं. आत्याने गाडी बंद केली, स्टँडवर लावली, पत्र्यावर बसकण मारली आणि हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या आठवणीत ती कधी दात दिसतील इतकी हसलेली नाही. हसून झाल्यावर खरं तर वजनं उतरवायची होती. ती पुन्हा गाडीवर बसली, वळसा घालून उताराच्या पायथ्याशी आली आणि तेच पुन्हा केलं. या वेळी मुद्दाम.

मग तिने ते रीतसर हाती घेतलं. आधी फक्त पुढचं चाक काट्यावर चढवून आकडा बघितला, मग फक्त मागचं. डिकीत वजनं टाकून बघितलं, काढून बघितलं, स्वतः सीटवर मागे सरकून बघितलं. गाडीबरोबरचं पुस्तक वाचून, चाक घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा कुठल्या बटणाने बंद होते ते शोधून काढलं. एकदा गाडी आडवी झाली. बाजूच्या दांड्यांनी डिक्या वाचवल्या. आत्याने सीटला पाठ लावली, टाचा रोवल्या आणि ते धूड एकटीने उभं केलं. चौथ्या-पाचव्या रविवारपर्यंत तिला उताराची गरज उरली नाही. क्लच सोडायचा, रेस द्यायची, आणि चाक फार वर जातंय असं वाटलं की मागचा ब्रेक हलकेच दाबायचा. काट्यापासून फाटकापर्यंत ती एका चाकावर जाऊ लागली. सोमवारी पुन्हा केबिनमध्ये, चष्मा नाकावर, दहा किलोंची सूट नाही.

बाबांचं प्लास्टर निघालं तेव्हा मी त्यांना घेऊन गाडी आणायला गेले. मेकॅनिकही बरोबर होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसला, पुढच्या शॉकअपवरून बोट फिरवलं आणि तेलाने चकचकीत झालेलं बोट आम्हाला दाखवलं.

“सील गेलेत,” तो म्हणाला. “ही गाडी वरून खाली आपटलीय. एकदा नाही, बऱ्याचदा.”

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्या आयुष्यात खोटं बोललेली नाही, आणि सुरुवात करायला तिला ते वय योग्य वाटलं नसावं.

“मी ती एका चाकावर चालवते,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता भावा-बहिणीचं बोलणं कायमचं तुटणार. मेकॅनिक उगाच पाने पुसू लागला. बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“किती लांब?”

“फाटकापर्यंत.”

“दाखव.”

तिने दाखवलं. हेल्मेट घातलं, मागे सरकली, आणि आमच्या सोफ्यापेक्षा मऊ सीट असलेलं ते अख्खं प्रकरण एखाद्या घोड्यासारखं उभं राहिलं आणि तिच्या ओढणीचं टोक फडफडवत आमच्यासमोरून फाटकाकडे गेलं. मेकॅनिकच्या हातून पाना पडला. गाडी परत आल्यावर बाबा लंगडत तिच्यापाशी गेले आणि मागे बसू लागले. मी त्यांचा सदरा धरला, डॉक्टरांची आठवण करून दिली, आईची भीती घातली. उपयोग झाला नाही.

बाबा पंच्याण्णव किलोंचे. ते मागे बसल्यावर पुढचं चाक नुसतं उचललं गेलं नाही, उडालंच. नंबरप्लेट जमिनीला घासून ठिणग्या उडाल्या. आत्या बाबांना पुढे झुकायला सांगत होती आणि बाबा बहिणीच्या कमरेला मिठी मारून गदागदा हसत होते. नेमकी त्याच वेळी फाटकातून खाणीच्या मालकांची मोटार आत शिरली.

मालक आत्याला काही बोलले नाहीत. तिला बोलायची त्यांना सवयच नाही. मंगळवारी मात्र फाटकावर रंगवलेली पाटी लागली: ‘आवारात दुचाकी दोन्ही चाकांवर चालवावी.’ ती वाकडी लागली होती म्हणून आत्याने स्टुलावर चढून सरळ केली. ट्रकवाले आता त्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात. काटेबाई हे नाव मागे पडलंय, आणि नवं काय आहे ते तिला कुणी सांगत नाही.

आत्या नियम मोडणारी नाही. शॉकअपला नवे सील बसले, आणि खाणीपलीकडे अर्धवट सोडून दिलेला सरळसोट रस्ता आहे, तिथे दोघं रविवारी सकाळी जातात. बाबांना अजून वीतभरच उचलता येतं. चिडतात बिचारे.

गेल्या रविवारी तिने मला मागे बसवलं. मी नको नको म्हणत होते, ती माझ्या हेल्मेटचा पट्टा आवळत होती. मग खालून काहीतरी ढकलल्यासारखं झालं, रस्ता पायाखाली निसटला, आणि तिच्या खांद्यावरून मला नुसतं निळं निळं दिसलं.

“डोळे उघडे आहेत ना?” आत्याने विचारलं.

“आहेत,” मी ओरडले, आणि घट्ट मिटले.