पाणी काढणारी वैजयंती

भगवंतनं वैजयंतीच्या टेबलावरचे अठरा कागद उचलले, अंगठ्याखालून एकदा फरफर सोडून पाहिले आणि केराच्या डब्यात टाकले.

"हे पाणी हाय का फाटकं धोतर? परत काढ."

वैजयंती लोहकरे १९९९ साली पुण्यातल्या त्या ॲनिमेशन स्टुडिओत लागली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. भगवंत तिथला मुख्य ॲनिमेटर. पिंपळवंडीचा, घरची बागायत. ती डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. तालुके शेजारशेजारचे, आणि डोंगरातली पोर आपल्या बरोबरीनं इथं बसते याचा भगवंतला राग होता. पुण्याच्या मंडळींशी तो छापील मराठीत बोलायचा. तिच्याशी मात्र मुद्दाम गावाकडचं काढायचा, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कॉलेजात सवलतीवर घुसलीस. हिथं सवलत नाय."

ती डब्यातून कागद काढून घ्यायची.

काम असं होतं. हालचालीतली महत्त्वाची चित्रं भगवंत काढायचा आणि त्यांच्या मधली चित्रं वैजयंतीसारख्या पोरी भरायच्या. खालून दिवा लावलेली काच, तिच्या कडेच्या खुंट्यांत अडकवलेले कागद, एका सेकंदाला बारा चित्रं. त्या पावसाळ्यात एका परदेशी मालिकेचं काम आलं. नदीला पूर येऊन लाकडी पूल वाहून जातो, असं पाऊण मिनिटाचं दृश्य. ते दोनदा परत आलं. पाणी रबरासारखं दिसतं, असा शेरा होता.

भगवंतनं सगळ्यांदेखत वैजयंतीकडं बोट केलं. "मधली चित्रं हिची."

"मधली माझीच आहेत," ती म्हणाली. "पण मुख्य चित्रंच चुकलीत, सर. दोन लाटांच्या बरोब्बर मधलं चित्र काढलं की पाणी ताणल्यासारखं दिसतं. पाणी ताणत नाही. ते फाटतं."

कुणीतरी हसलं. भगवंतचे कान लाल झाले. "पुढच्या शुक्रवारी तिसऱ्यांदा द्यायचंय. एवढं कळतं तर काढ सगळं तूच."

शनिवारी ती गावी गेली. घोडेगावला दोन तास एसटीची वाट पाहिली. धरणाचे दरवाजे उघडले होते. ती धरणाखाली नदीच्या काठावर कागद घेऊन बसली आणि पाणी खडकावर आपटून वर कसं चढतं, त्याला आधी भोक कुठं पडतं, फेस मागं किती वेळ राहतो, हे दोन दिवस टिपत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप बहिरू काठावर आला. धरण भरलं तेव्हा त्याची भाताची खाचरं बुडाली होती. त्यानं तिच्या मांडीवरचा कागद पाहिला.

"याचं चित्र काढती?"

"काम हाय माझं, आबा."

"ह्या पाण्यानं आपल्याला उठवलं. अन् तू त्याला देवावानी नटवून काढती! लाज नाय वाटत?"

"ते कसं हाय तसंच काढते. नटवत नाय."

बहिरू तिच्या बाजूला थुंकला आणि चालता झाला. संध्याकाळी तो तिच्याबरोबर जेवायला बसला नाही. आई गोजरबाई मधे पडली नाही, तिलाही ते चित्र बघवलं नव्हतं.

सोमवारपासून वैजयंतीनं पूर पहिल्यापासून काढला, मुख्य चित्रांसकट. चार दिवसांत पाचशे चाळीस कागद. बोटाला फोड आला तेव्हा पेन्सिलीला चिंधी गुंडाळली. शुक्रवारी भगवंतनं गठ्ठा नेला आणि वरच्या नोंदीच्या तक्त्यावर 'ॲनिमेटर' या रकान्यात स्वतःचं नाव लिहून स्टुडिओतच चित्रीकरणाला पाठवून दिला.

दृश्य पास झालं. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून भगवंतचं कौतुक केलं, पेढे वाटले. वैजयंतीनं पेढा घेतला नाही.

"बाई, हे दृश्य माझं आहे. सरांचं नाही."

भगवंत हसला. "बघा. हिची काय ती मधली चित्रं."

वैजयंतीनं चित्रीकरण होऊन परत आलेल्या गठ्ठ्यातला पंच्याण्णवावा कागद खुंट्यांत अडकवला, वर कोरा कागद ठेवला आणि पेन्सिल त्याच्यापुढं धरली. "पुढचं चित्र काढा, सर. हिथंच."

"मी परीक्षा द्यायला आलो नाही."

"काढा ना," मालकीणबाई म्हणाल्या.

त्यानं काढलं. लाट थोडी पुढं सरकवली, बाकी जशीच्या तशी. वैजयंतीनं गठ्ठ्यातला खरा शहाण्णवावा कागद शेजारी ठेवला. त्यात लाट मधोमध फुटून तिच्यातून पुलाची फळी दिसत होती. मालकीणबाईंनी दोन्ही कागद पाहिले. भगवंतकडं पाहिलं नाही. तक्ता मागवून घेतला आणि नाव खोडलं.

पण तिचं कुणी अभिनंदन केलं नाही. भगवंतनं कित्येकांना हात धरून काम शिकवलं होतं. त्याला असं सगळ्यांसमोर उघडं पाडलं, हे त्यांना खपलं नाही. पुढं सहा महिने ती बसली की चहाच्या टेबलावरून लोक उठून जायचे. भगवंत तर तिच्याशी पुन्हा एक शब्द बोलला नाही. तिनंही बोलायचा प्रयत्न केला नाही. त्याच्या त्या लाल कानांची आठवण आली की तिला बरं वाटायचं, आणि हे ती लपवायची नाही.

२००४ च्या सुमाराला काचेची टेबलं हलवली आणि कॉम्प्युटर आले. भगवंतनं हट्टानं पेन्सिल सोडली नाही. वर्षभरात तो स्टुडिओ सोडून गेला आणि त्यानं नारायणगावला फ्लेक्सचं दुकान घातलं. निरोपाच्या दिवशी वैजयंती मुद्दाम रजेवर राहिली. ती नवं सगळं शिकली. पाणी, धूर, आग, धूळ, जे जे हाती धरता येत नाही ते तिच्याकडं यायला लागलं.

दोन-तीन वर्षांनी तिच्या हाताखाली नऊ जण होते. ती कुणाशी गोड बोलायची नाही. श्रेया नावाची नवी मुलगी एकदा रडत म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी चांगलं म्हणतच नाही."

"नाव लिहिलंस का चित्रावर?" वैजयंतीनं विचारलं. "आधी नाव लिही. मग रड."