साडूचं जर्मन गाणं

जर्मन भाषेतलं एक अक्षर कळत नसताना जर्मन गाण्यासाठी भांडणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मेव्हणीसाठी हे स्थळ मीच शोधलं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. पुण्याकडच्या एका कारखान्यात तो बरीच वर्षं होता. तिथं मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन माणसाशी त्याची चहावर दोस्ती झाली. लोक असल्या दोस्तीतून घड्याळ आणतात, अत्तर आणतात. यानं एक गाणं आणलं. गावी येऊन पिकअप घेतली, तिच्यावर माणसाएवढे भोंगे बसवले आणि लग्नकार्यात भाड्यानं वाजवायला सुरुवात केली. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, गाडीचं इंजिन फुटलं. आधी घण पडल्यासारखे ठोके, मग पत्रे घासल्याचा आवाज आणि वर एक माणूस गावाला दम दिल्यासारखा ओरडतोय. माझ्या दारातल्या बकऱ्यांनी दावी तोडली. एका हळदीत नवरीचा मामा ताट टाकून मांडवाबाहेर पळाला. आणि साडू डोळे मिटून शांतपणे मान डोलावत होता.

औंढ्याला बायकांना दर्शनाला नेतानाही त्यानं तेच लावलं. धक्का मला याचा बसला, की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. एका म्हातारीनं विचारलं, "ह्यो गजर कोन्त्या देवाचा हाय रे?" तर हा म्हणतो, "मावशे, देवाचा न्हाई, हाताचा हाय." मग त्यानं गाडी बाजूला घेऊन अर्थ सांगितला, जसा त्या जर्मन माणसानं त्याला मोडक्या हिंदीत सांगितला होता तसा. त्यांच्या देशात एकेकाळी एक माणूस म्हणायचा, हात वर करा, की सगळा देश हात वर करायचा. त्यातून फार वाईट झालं. आता गाणारा आपल्याच लोकांना विचारतोय, तुम्ही वर केलेला हात तुमचाच होता का? म्हातारी म्हणाली, "बराबर बोलून राहिला बापा. पन वरडतो काहून?" साडू म्हणाला, "हळू सांगितलं व्हतं आधी. कुनी आयकलं न्हाई."

इथवर मी हसत होतो. मी बकऱ्यांचा व्यापारी. दुसऱ्याच्या बकऱ्यांच्या दोऱ्या धरत सुरुवात केली आणि आमच्या आठवडी बाजारात उन्हात उभं राहून वर आलो. आता त्या मैदानावर पक्के गाळे व्हावेत आणि कोपऱ्यावरचा मला मिळावा, एवढीच माझी इच्छा होती. डोक्यावर एक छप्पर. भाजीवाल्या आणि मेंढरंवाले नाल्यापलीकडे बसले असते, त्यात कुणाचं काय बिघडलं असतं? ग्रामसभेत ठराव मी आणला. घरोघरी जाऊन चहा प्यालो, प्रत्येकाकडून शब्द घेतला. हात वर करून मतं होणार होती, आणि कोणता हात वर जाणार ते मला आदल्या दिवशीच ठाऊक होतं.

सभेला भोंगे साडूचे. सरपंच "हात वर करा" म्हणाले आणि भोंग्यातून ते गाणं सुटलं. सगळ्यांचे हात कानांवर गेले. गाणं थांबवून साडू माइकवर म्हणाला, "हात वर करा, काई हरकत न्हाई. फक्त आधी बगून घ्या, आपलाच हाय ना." लोक हसले. मी ताडकन उठलो. "साडूभाऊ, तुमाला भाड्यानं बोलावलंय, कीर्तनाला न्हाई!"

"मंग बाजारावानी करू ना," तो म्हणाला. "रुमालाखाली."

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकून, आत एकमेकांची बोटं दाबून सौदा होतो. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. ग्रामसेवक म्हणाले, हे नियमात बसत नाही. पण रुमालाखाली मला हरवणारा माणूस अजून जन्मायचा होता. मी गरजलो, "व्हऊ द्या! आधी गावाचं मन तर कळू द्या."

मेंढरं राखणारे सर्वांत म्हातारे आबा रुमाल घेऊन बसले. एक बोट म्हणजे गाळे, दोन बोटं म्हणजे बाजार आहे तसाच. प्रत्येकाचं बोट ओळखून आबा घोंगडीआडच्या दोन टोपल्यांपैकी एकीत खडा टाकत. शेवटी टोपल्या पुढं आणल्या. एक काठोकाठ भरलेली. माझ्या टोपलीत दोन खडे.

मी टोपली उलटी करून पाहिली. ठराव मतांना टाकायची गरजच उरली नाही. ज्यांचा चहा प्यालो ते सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. दोनांतला एक खडा माझा. दुसरा घरचा, एवढा तरी आधार धरून घरी आलो. तर बायको म्हणाली, "म्या दोन बोटं दाबली. माजी बहीन तितं भाजी घिऊन बसते. तिनं कुटं जावं?"

बहीण म्हणजे साडूची बायको. मी तसाच त्याच्या अंगणात गेलो. तो भोंग्यांवरची धूळ पुसत होता. तोंडाला येईल ते बोललो. त्यानं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "दुसरा खडा माजा व्हता, साडूभाऊ."

"काहून?"

"तुमी उन्हात लई वर्सं काढली. गावानं न्हाई म्हनायलाच पायजे व्हतं. पन मला न्हाई म्हनता आलं न्हाई."

मेव्हणी चुलीशी होती. तिचा हात थांबला. तिलाही हे तेव्हाच कळलं असावं.

मी परत फिरलो. बाजार अजून तिथंच भरतो आणि मी अजून उन्हातच उभा असतो. साडूशी बोलणं नाही. तो समोरून आला की मी उगाच बकरीचे दात तपासतो. गावाला मी माफ केलं. पण त्याला कसं करू? त्यानं दोन बोटं दाबली असती, तर निदान पोटभर रागावता तरी आलं असतं.