चौदाव्या माळ्यावरचे निखारे

बाबांच्या तेरवीच्या दिवशी काकांनी आम्हाला घर सोडायला सांगितलं. साल १९९९. कागद काकांच्या नावावर होते.

आम्हा पोवारांच्या घरी चुलीजवळ पितरांसाठी मातीचा ओटा असतो. त्याला चौरी म्हणतात. घरातलं माणूस गेलं की वर्षानं तिथं निखाऱ्यावर तूपभाताचा घास ठेवून त्याला पितरांत मिळवून घेतात. तो मान थोरल्या भावाच्या घराचा, आणि बाबा थोरले. आईनं खुरप्यानं चौरीची माती खणून पितळी गुंडीत भरली.

काका दारात हसले. "माती कायले नेऊन राहिल्या वहिनी? पुण्यात माती भेटत नाही का?"

गोंदिया स्टेशनवर काकू एकटीच आली. माती सांडू नये म्हणून तिनं लुगड्याची पट्टी फाडून गुंडीचं तोंड बांधलं. "सांभाळजो," एवढंच म्हणाली.

तिकडे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही पुण्यात 'सेट' झालो. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत लागलो, हे खरं. पण धानाच्या मुलखातली माझी आई शेवटपर्यंत दुकानातून तांदूळ आणायला लाजायची. एका भाड्याच्या खोलीत ती गेली. तिला मीच पितरांत मिळवलं, गुंडीतल्या मातीवर ठेवलेल्या शेगडीच्या निखाऱ्यावर.

दहाएक वर्षांनी आमच्या घराच्या जागेवर काकांचा टॉवर उभा राहिला. अर्धं गोंदिया रविवारी तो बघायला जायचं, "शहर का नाम हो गया" म्हणायचं. उरलेले म्हणायचे, "हवा खाले चौदा माळे कायले चढा?" मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं, खोट सापडावी म्हणून. तो पावसाचं पाणी साठवतो, उन्हावर वीज करतो, माळ्यामाळ्यावर झाडं वाढवतो. इमारत चांगली आहे. स्वयंपाक विजेवर, आणि धूर झाला की भोंगा वाजतो.

काकू गेली. वर्षानं काकांनी सगळ्यात वरच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी निखारे पेटवले. भोंगा वाजला. वॉचमन धावत आला आणि त्यानं निखाऱ्यांवर, घासावर पांढरी पावडर मारली. हे मला तिकडच्या एका नातेवाइकाच्या फोनवरून कळलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मग काका पुण्याला आले. मी त्यांना दारातच थांबवलं.

"तुझ्या काकूले मिळवून घे रे बापू."

"घेतो. काकू आमची आहे."

मी आत घास ठेवला, काकूचं नाव घेतलं. जळत्या तुपाचा वास बाहेरपर्यंत गेला असणार. परत आलो तेव्हा ते काठीवर रेलून रडत होते.

"अन् माझं? मी गेल्यावर मले कोण मिळवंल?"

"तुम्ही चौदाव्या माळ्यावर राहता काका. तिथून पितर जवळच हायत."

मोठ्या माणसाशी असं बोलू नये, असं आईनं शिकवलं होतं. आई आत, मातीत होती. तिनं ऐकलं असेल तर ऐकलं.

आता ते दर सणाला फोन करतात. "एकडाव घरी ये, बसून बोलू," म्हणतात. घरी, असंच म्हणतात. मी ऐकून घेतो, आणि फोन ठेवून देतो.

गोंदियात माझी वाट पाहणारं एकच माणूस उरलं आहे. मी जात नाही.