पाहुण्या संघाचा अर्धा गल्ला

बँकेच्या तपासणी विभागात माझी सगळी नोकरी गेली. दुसऱ्याच्या कागदावर संशय घ्यायचा पगार मिळतो. हा संशय संध्याकाळी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, हे मला उशिरा कळलं. बायको म्हणते, "तुम्ही वाढलेली आमटीसुद्धा आधी ढवळून बघता, मग जेवता."

मला एक धाकटा भाऊ आहे. एवढी साधी गोष्ट मी एके ठिकाणी नाकारली आहे, तीही लेखी. त्याबद्दल आजवर कोणाशी बोललो नाही.

बुधवार पेठेत त्याचं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसतो आणि गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहतं. मी सदाशिव पेठेत राहतो. आमच्यात चालत जायचं अंतर, पण आई गेल्यानंतर ते कोणी चाललं नाही. भांडण झालं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. आई असताना आम्ही दोघं तिच्याशी बोलायचो आणि ते एकमेकांच्या कानावर पडायचं, इतकंच होतं ते.

टाळेबंदीत त्याचं दुकान बंद होतं तेव्हा त्याने मला एका ऑनलाइन खेळात ओढलं. प्रत्येकाला एक क्रिकेटचा संघ मिळतो. आपण खेळायचं नाही. खेळाडू विकत घ्यायचे, अकरा जण निवडायचे, सामना खेळ आपोआप खेळून दाखवतो. मला त्यातलं क्रिकेट कधीच फारसं आवडलं नाही. मला आवडलं ते स्टेडियम. उघडी बाकं किती, खुर्च्या किती, त्यांतल्या किती छताखाली, काचेआडचे बॉक्स बांधायचे का आणि कशाला काय तिकीट लावायचं, हे सगळं आपण ठरवायचं. पाऊस आला की उघडी बाकं ओस पडतात. तिकीट वाढवलं की बॉक्सवाले तक्रार करत नाहीत, खुर्चीवाले करतात. आणि रिकाम्या खुर्चीचाही देखभालखर्च आपल्याच संघाला बसतो. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं?

मी छत घालत सुटलो. भावाने मात्र उघडी बाकंच वाढवली आणि तिकीट स्वस्त ठेवलं. मी फोनवर म्हणालो, "तुझं स्टेडियम म्हणजे स्वारगेटचा फलाट झालाय."

"असू दे. फलाटावर माणसं तरी असतात," तो म्हणाला. "तुझ्या बॉक्समध्ये काय, एसी चालू आणि माणूस नाही."

दर बुधवारी आम्ही मैत्रीचा सामना खेळायचो. रविवारी स्पर्धेचा सामना असे. त्या सामन्याचा गल्ला ज्याच्या मैदानावर खेळ त्याचा. मैत्रीच्या सामन्यात मात्र गेटवरचा गल्ला दोन्ही संघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, असा तिथला नियम. एक बुधवार माझ्याकडे, पुढचा त्याच्याकडे. सामना संपला की फोन यायचा, "किती जमले?" मग पावसावर, तिकिटावर दोन वाक्यं. तो फोन सोडला तर आम्हा भावांमध्ये दुसरं काही उरलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून पुढचं केलं.

एका हंगामात माझा संघ गुणतक्त्यात वर आला. वरच्या गटात जायची संधी दिसू लागली. रविवारी माझे चांगले खेळाडू दमलेले राहू नयेत म्हणून मी बुधवारी त्याच्या मैदानावर दुसरी फळी पाठवायला लागलो. नवखी पोरं, दोन-तीन म्हातारे. नियमात बसत होतं. त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं. माझ्या मैदानावर सामना असला की अर्थात पहिली फळी, कारण आपल्या प्रेक्षकांना नाराज करून चालत नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या मैदानावरचा माझा अर्धा वाटा आटत चाललाय.

सुरुवातीला वाटलं, पाऊस असेल. खेळातलं जुनं हवामान पाहिलं, ऊन होतं. मग वाटलं, तिकीट पाडलं असेल. पाडलं नव्हतं. मग वाटलं, बाकं दुरुस्तीच्या नावाखाली बंद ठेवत असेल, म्हणजे बुधवारी मला कमी द्यायचं आणि रविवारी उघडून सगळा गल्ला आपल्या खिशात. बँकेत एक शाखाधिकारी असंच करायचा, त्याला मी पकडला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी भावाच्या स्टेडियमचं पान चाळत बसायचो. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "साहेब, कुठली शाखा?" मी म्हणालो, "बुधवार पेठ."

सगळी बाकं उघडी होती. चोरी सापडत नाही म्हणजे चोर हुशार आहे, असं आमच्या खात्यात मानतात. मीही तेच मानलं. लहानपणी तो खाऊचा वाटा करायचा तेव्हा मोठा तुकडा मला द्यायचा आणि वर म्हणायचा, "बघ, तुला मोठा." तेव्हाही मला वाटायचं, लहान तुकड्यात काहीतरी जास्त चांगलं असणार.

एका बुधवारी त्याचा फोन यायच्या आधी मीच केला.

"तुझ्याकडचा गल्ला इतका कमी कसा होतो रे?"

"प्रेक्षक येत नाहीत, दादा."

"का येत नाहीत?"

"तुला माहीत असेल. तू तपासणीस."

मी हे कबुलीसारखं ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने माझा एक यष्टिरक्षक विकत घेतला. वय झालेला, गुडघे गेलेले. मी त्याला बाजारात नुसता टाकून ठेवला होता, कोणी फुकट नेला तरी पगार वाचला म्हणून. भावाने त्याच्यावर एवढी बोली लावली की तेवढ्यात चांगला सलामीवीर आला असता. माझा संशय आणखी वाढला. एवढे पैसे आहेत म्हणजे कुठून तरी मुरवलेत. आणि मलाच का देतोय? माझ्या गळ्यात काहीतरी अडकवायचं असणार. मी पैसे घेतले, त्यांतून छताचं काम पुरं केलं आणि गप्प बसलो.

हा व्यवहार खेळ चालवणाऱ्यांच्याही नजरेत आला. त्यांचा दोघांना वेगवेगळा निरोप आला: किंमत अवाजवी दिसते, समोरच्या संघचालकाशी आपलं नातं किंवा ओळख आहे का? नातेवाइकांनी खेळायला बंदी नव्हती, पण सुरुवातीलाच तसं कळवायचं होतं. आम्ही कळवलं नव्हतं. असल्या गोष्टी कळवायच्या असतात हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात येत नाही.

खरं सांगितलं तर माझे काही गुण कापले गेले असते. कदाचित वरचा गट हुकला असता. एवढंच. मी ऑफिसात बसून, नोकरीच्या सवयीने, एक वाक्य लिहिलं: "सदर व्यक्तीशी माझी ओळख नाही." लिहिताना हात थांबला नाही. मनात उलट असं होतं की आता कळेल त्याला.

त्याने काय उत्तर दिलं ते मला माहीत नव्हतं. निकाल दोघांनाही आला. त्याच्या संघावर ठपका, उरलेला हंगाम त्याचं मैदान प्रेक्षकांना बंद. माझ्यावर काही नाही. त्या बुधवारी फोन आला नाही. नंतरच्याही नाही. काही काळाने त्याच्या संघाच्या पानावर 'संघ बंद' अशी करडी पाटी लागली. मी वरच्या गटात गेलो. तिथे माझ्या छताखालच्या खुर्च्या भरत होत्या आणि किती जमले हे विचारणारं कोणी नव्हतं.

एकदा नव्या गटासाठी तिकिटाचे दर ठरवताना मदतीचं पान उघडलं. ते मी पूर्वीही वाचलं होतं, पण स्वतःच्या मैदानापुरतं. त्यात लिहिलं होतं की मैत्रीच्या सामन्याला प्रेक्षक पाहुण्या संघात कोण खेळणार ते बघून येतात. दुसरी फळी आली तर फिरकत नाहीत. मी ते पुन्हा वाचलं. दुसऱ्याचे कागद इतकी वर्षं उलटेपालटे करणाऱ्या माणसाने स्वतःची बाजू तपासलीच नव्हती. त्याचा गल्ला मीच पाडत होतो. आणि त्याला ते दर वेळी दिसत होतं, माझे अकरा जण त्याच्यासमोरच उतरायचे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर बुधवार पेठेत गेलो. तो रेडिओच्या सर्किटपट्टीवर सोल्डरिंगचा डाग देत होता. वर बघून म्हणाला, "या. काय हवंय आपल्याला?"

"दुसरी फळी पाठवत होतो मी," मी म्हणालो.

"हो का. आम्हाला वाटलं, तुमची पहिलीच तशी आहे."

"बोलला का नाहीस?"

"विचारलंस तेव्हा म्हणालो ना, तुला माहीत असेल."

"आणि तो यष्टिरक्षक?"

त्याने डागणी बाजूला ठेवली. "तुझा वाटा कमी पडत होता म्हणालास. त्या खेळात नुसते पैसे पाठवायची सोय नाही. मग काय करणार, म्हातारा घेतला." मग म्हणाला, "मी त्यांना सख्खा भाऊ म्हणून कळवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं की समोरचे गृहस्थ ओळख नाही म्हणतात, म्हणजे तुम्ही खोटं बोलताय. ठपका त्याचा पडला. किमतीचा नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. मी उभा होतो, मागून स्कूटरवाले हॉर्न देत होते.

"चहा घेणार का," तो म्हणाला, "अनोळखी माणसाकडचा?"

घेतला. कडू नव्हता, तरी मी आधी एक घोट घेऊन थांबलो. सवय जात नाही.

त्याच दिवशी घरी येऊन मी खेळ चालवणाऱ्यांना खरं कळवलं. त्यांनी माझे गुण कापले, ते योग्यच. बंद झालेला संघ मात्र परत उघडत नाही, असं त्यांनी कळवलं. भावाने नवा संघ घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आता बुधवारी तू येतोस की."

येतो. ऑफिस सुटलं की त्याच्या दुकानासमोर उभा राहतो. बोलणं फारसं होत नाही. अजून कधी तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देताना मी नकळत बघतो, बरोबर देतो का. मग मान वळवतो.

मागच्या बुधवारी एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "हे कोण? नेहमी दिसतात."

भावाने डाग देता देता, मान वर न करता सांगितलं, "त्यांनाच विचारा."

"मी याचा सख्खा मोठा भाऊ," मी म्हणालो.

"लेखी द्याल का?" भाऊ म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं. तो हसला नाही, मीही नाही. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.