दाजींचा उंदीर

भाची सुजाताचा फोन आला तेव्हा मी हदगावला एका लग्नात जेवायला बसलो होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच बोलली ती... ताट तसंच ठेवून मी उठलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बेधडक खोटं बोलणारा असा सज्जन माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की मला त्यांची ती जुनी गाडीच आठवते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दाजी पाणीपुरवठ्याकडे इंजिनिअर. ऑफिसात अजून धड खुर्च्या आल्या नव्हत्या, दुष्काळ मात्र वेळेवर रुजू झाला होता. दाजी दिवसभर टँकरच्या मागे. त्यात ताईला सातवा महिना. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली, शिवाय तिला दमा. बाळंतपणासाठी तिला नांदेडला माहेरी न्यायला मी आलो होतो. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. काचा उघडाव्यात तर धाप लागणार, बंद ठेवाव्यात तर जीव घुसमटणार. गाडीत बाहेरची हवा आत ओढणारा पंखा होता. त्याच्या जाळीला दाजींनी धुळीसाठी मलमल लावली होती आणि सगळी भिस्त त्या पंख्यावर होती. नेमका तोच दगा द्यायला लागला. चालू केला की थोड्या वेळात फ्यूज उडायचा.

गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, जाड तार गुंडाळून देतो. मग उडतोय कसा बघू."

"फ्यूज उडून राहिला म्हणून गाडी वाचून राहिली बाबा," दाजी म्हणाले. "तार लावली तर वायरी पेटतील. अन् आत माझी बायको बसणार हाय."

ते स्वतःच अंगणात मांडी ठोकून बसले. मी आपला उगाच पाना हातात देतोय. आधी त्यांनी पंख्याची वायर सोडवली, नवा फ्यूज घातला आणि बटण दाबलं. फ्यूज टिकला. म्हणजे वायरीत दोष नव्हता, खोट पंख्यातच होती. पंखा बोटानं फिरवून पाहिला तर जड लागला. खोलून बाहेर काढला आणि अंगणभर वाळ्याचा वास पसरला... आसाला वाळ्याच्या मुळ्या घट्ट गुंडाळल्या होत्या. पंखा अडत होता, जास्त करंट ओढत होता, म्हणून फ्यूज जळत होता.

आम्ही दोघांनीही घराकडे पाहिलं. कूलरला लावतात तसा ओला वाळा मलमलीच्या आत कोंबणारं घरात एकच माणूस होतं: दाजींची आई, अक्का. सुनेला गार हवा लागावी म्हणून! पाणी दिवसाआड मिळायचं, तेव्हा म्हातारीनं आपल्या पिण्याच्या तांब्यातलंच ओतलं असणार.

"काय निघालं रं?" दारातून अक्कानं विचारलं.

दाजींनी मुळ्या खिशात कोंबल्या. "उंदीर, अक्का. घर करून बसला व्हता."

दुसऱ्या दिवशी पंखा नांदेडपर्यंत चालला. ताई निम्म्या वाटेत चक्क झोपली. पुढे सुजाता सुखरूप जन्मली. मग घरात चार माणसं जमली की दाजी उंदराची गोष्ट रंगवून सांगायचे, आणि अक्का मान डोलवायची, "लई मोठा व्हता बाई!" मी मनातल्या मनात हसायचो. म्हातारी कशी फसली, असं वाटायचं.

परवा दाजींच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. पाहुणे पांगल्यावर मी ताईला ती खरी गोष्ट सांगायला गेलो, तर तिनं मला मधेच थांबवलं.

"अक्काला ठाऊक व्हतं रे. डोळे मिटायच्या आधी मला म्हणली, 'वाळा म्याच ठिवला व्हता. लेकरानं माझ्यासाठी उंदीर केला. मला ठावं हाय, हे त्याला कळू दिऊ नको, वाईट वाटंल त्याला.'"

"मग तू दाजींना कधी...?"

"न्हाई," ताई म्हणाली.

तेवढ्यात सुजाताची लेक येऊन ताईच्या मांडीवर बसली. "आजी, आबा सांगायचे ती उंदराची गोष्ट सांग ना."

ताईनं पदरानं डोळे पुसले.

"लई मोठा व्हता बघ," ती म्हणाली.