सोमवारचं पहिलं दळण

आमच्या मनीषनगरात एक चक्कीवाली बाई आहे. किती वर्षं दळण नेते मी, पण नाव काही विचारलं नाही. तिच्या चक्कीत काळी साडी नेसून बसावं आणि काळीच घेऊन घरी यावं, एवढी स्वच्छता. गव्हाचे डबे डावीकडे, ज्वारीचे उजवीकडे, कुंचा खिळ्याला. कोणी डबा मधेच ठेवला तर ती नुसती बघते, माणूस आपणच उचलतो.

माझ्या नातीला डॉक्टरांनी गव्हाचा कणही बंद केला, तेव्हा मी ज्वारी घेऊन गेले आणि तिला तसं सांगितलं.

"आज नाही दळत, काकू."

"काहून वं? रांग तर नाही."

"सकाळपासून गहू दळून राहिली मी. नातीले त्रास होईन. रविवारी चक्की बंद ठेवून धुतो. सोमवारी सातले या, पहिलं दळण तुमचं."

मला रागच आला. तरी सोमवारी गेले, तर चक्कीचे दगड खोलून ठेवलेले. बाई दगडाची खाच न खाच कुंच्यानं झाडत होती. पिठाच्या तोंडाला धुतलेलं कापड बांधलं. मग आधी स्वतःच्या घरची ज्वारी दळली आणि ते पीठ बाजूला ठेवलं.

"राहिलासाहिला गहू यात निघून गेला. आम्हाले चालते."

त्यानंतरच माझा डबा ओतला.

आता दर सोमवारी असंच. नात भाकर खाते, पोट दुखत नाही. परवा एक गृहस्थ गव्हाचा डबा घेऊन घाईत आले.

"थांबा गा भाऊ, पोरीचं दळण आहे."

ते थांबले. डबा मात्र हातातच धरून, खाली ठेवायची काही हिंमत झाली नाही.