प्रार्थना माझ्यासाठी, खोके चौमूंचे

बनी पार्कातल्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर आम्हा ख्रिस्ती व्यावसायिकांची बैठक भरते. आपसांत संबंध वाढावेत म्हणून पाळकसाहेबांनी ती सुरू केली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातला माझा खोक्यांचा कारखाना सध्या निम्माच चालतो. बेकरीवाल्या ताई दर बैठकीत त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करतात आणि केकचे खोके मात्र शहराबाहेरच्या चौमूं गावाहून आणतात. परवा मी वैतागून विचारलंच, "ताई, माझ्याकडून का नाही घेत?"

"भाऊ, तुमच्याशी घासाघीस कशी करणार? रविवारी शेजारी बसायचं असतं ना!"

"अहो, करा की घासाघीस! कारखानाच बंद पडला तर शेजारी बसून काय करू?"

"बरं, प्रार्थना करून कळवते."

मी वाट पाहिली नाही. सोमवारी नमुने घेऊन थेट बेकरी गाठली.